परदेशातील व्यवस्थापनशिक्षण : एका पालकाच्या प्रश्नाचे उत्तर

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील वसतिगृहाच्या कार्यालयात आले. जयभीम झाला, पाणी पिऊन झाले आणि त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत कागदाचे रंगीत माहितीपत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. मुलाने तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.कॉम. केले होते. शहरातील एका सल्लागार संस्थेने त्याला इंग्लंडमधील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र मिळवून दिले होते. विषय होता एमएस्सी मॅनेजमेंट, मुदत एक वर्ष. प्रवेश टिकवण्यासाठी महिनाभरात काही हजार पौंड भरावयाचे होते. वडिलांचा प्रश्न एकच होता : "सर, दोन एकर हाय. इकू का?"

आम्ही इतिहासाचे शिक्षक. व्यवस्थापनशास्त्राशी आमचा संबंध वाचनापुरता. तथापि या निवासी विद्यालयात पाव शतकाहून अधिक काळ काढल्यावर मुलांचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्त्या आणि कर्जे हाही आमच्या अभ्यासाचा विषय होऊन बसला आहे. त्या दिवशी आम्ही त्या गृहस्थांना उत्तर दिले नाही. आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जे वाचले आणि परदेशी जाऊन आलेल्या आमच्याच विद्यार्थ्यांकडून जे ऐकले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्वांसमोर ठेवीत आहोत. असा प्रश्न एकाच घरात नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.

ही विद्या आली कोठून?

व्यापार हा बापाच्या दुकानात बसून शिकावयाचा, ही जगभरची जुनी समजूत. दुकान ज्याचे, विद्याही त्याचीच. ही समजूत अमेरिकेत मोडली. फिलाडेल्फिया येथे १८८१ साली व्हॉर्टन स्कूल निघाले. १९०० साली डार्टमथ येथील टक स्कूलने व्यापाराचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले आणि १९०८ साली हार्वर्ड विद्यापीठाने एमबीए ही पदवी आणली. कारखाने अवाढव्य झाले होते, रेल्वे कंपन्यांचे जाळे खंडभर पसरले होते आणि मालकाच्या घरातील माणसे एवढा कारभार पाहण्यास पुरी पडत नव्हती. पगारी व्यवस्थापकांचा एक नवा वर्ग हवा होता. तो घडवण्यासाठी ही विद्यालये निघाली.

कोलंबिया विद्यापीठातील बिझनेस स्कूलची स्थापना १९१६ सालची. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियातील अभ्यास आटोपून लंडनला गेले. आपल्याकडे मुंबईचे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय १९१३ साली निघाले. बाबासाहेब ज्या वर्षी न्यूयॉर्कला गेले तेच हे वर्ष. पुढे १९१८ साली ते याच महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्यांच्या वाट्याला कधी दुकान येऊ दिले गेले नाही, त्या समाजातील माणूस व्यापाऱ्यांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवीत होता. व्यापारविद्या वर्गात आल्यामुळेच हे घडू शकले.

इंग्लंड या बाबतीत मागे होते. तेथे १९६३च्या फ्रँक्स अहवालानंतर लंडन आणि मँचेस्टर येथे १९६५च्या सुमारास दोन मोठ्या बिझनेस स्कूल उभ्या राहिल्या. आपल्या कोलकाता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था तर त्याहून आधीच्या, १९६१ सालच्या. तेव्हा ही विद्या केवळ परदेशातच मिळते असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही. परदेशी जाण्याची कारणे असू शकतात. परंतु 'इथे काही नाही' हे त्यांपैकी एक नव्हे.

दोन पदव्या, दोन वाटा

माहितीपत्रकांत 'मॅनेजमेंट' या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात आणि येथेच पहिली फसगत होते. एमबीए ही पदवी काही वर्षे नोकरी केलेल्या माणसासाठी असते. तेथील वर्गात बँकेत, कारखान्यात, रुग्णालयात, सैन्यात काम केलेले लोक बसतात आणि एकमेकांच्या अनुभवातून शिकतात. नामांकित विद्यापीठे सहसा तीन वर्षे वा अधिक अनुभव मागतात. एमएस्सी मॅनेजमेंट किंवा 'मास्टर्स इन मॅनेजमेंट' ही पदवी मात्र नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी असते. पुष्कळ ठिकाणी ती वाणिज्येतर शाखांच्या मुलांसाठीच आखलेली असते. ज्याने बी.कॉम. किंवा बीबीए केले आहे, त्याला तेथे हिशेब, विपणन, मनुष्यबळ यांचे प्राथमिक धडे पुन्हा मिळतात. म्हणून प्रवेशपत्र हाती आल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा : या वर्षभरात आपल्या मुलाला जे येत नाही असे नेमके काय शिकवणार आहेत? विषयांची यादी विद्यापीठ जाहीर करते. ती यादी आणि मुलाची पदवीची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहावी. आम्ही त्या माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत पाहिली, तेव्हा आठपैकी पाच विषय बी.कॉम.च्या अभ्यासक्रमाशी जुळणारे निघाले.

देशोदेशीच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. अमेरिकेत एमबीए बहुधा दोन वर्षांचे, म्हणून खर्च दुप्पट. जर्मनीतील बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नसते. मात्र निर्वाहाची वर्षभराची रक्कम आधीच एका गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागते आणि पदवीला अर्थशास्त्र वा वाणिज्याचे ठरावीक श्रेयांक असल्याखेरीज प्रवेश मिळणे अवघड असते. आमची बहुतेक मुले इंग्लंडकडे वळतात, कारण एका वर्षात पदवी मिळते आणि भाषा परिचयाची वाटते. यापुढील विवेचन मुख्यतः इंग्लंडविषयी आहे.

सल्लागार कोणाचा?

ज्या संस्थेने प्रवेशपत्र मिळवून दिले तिने त्या कुटुंबाकडून एक पैसाही घेतला नव्हता. वडिलांना ती सेवा वाटली. वस्तुस्थिती अशी की, इंग्लंडमधील पुष्कळ विद्यापीठे विद्यार्थी आणून देणाऱ्या सल्लागारांना प्रत्येक प्रवेशामागे दलाली देतात. यात बेकायदेशीर काही नाही. परंतु ज्याला एका बाजूकडून पैसे मिळतात तो दुसऱ्या बाजूचा वकील होऊ शकत नाही, एवढे तरी समजून घ्यावे. दलाली न देणाऱ्या विद्यापीठाचे नाव असा सल्लागार सहसा घेत नाही. शिष्यवृत्तीसाठी एक वर्ष थांब, असेही तो सांगत नाही, कारण थांबलेल्या मुलामागे त्याला काही मिळत नाही.

अर्ज करणे हे काम मुलगा स्वतः करू शकतो. पदवीची गुणपत्रके, दोन शिफारसपत्रे, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण आणि एक उद्देशपत्र एवढेच बहुधा लागते. आयईएल्टीएस या परीक्षेत साधारणपणे साडेसहा ते सात गुण मागतात. काही नामांकित ठिकाणी जीमॅट किंवा जीआरई ही परीक्षाही मागतात. यांतील उद्देशपत्र दुसऱ्याकडून लिहून घेण्याची चाल पडली आहे आणि ती घातक आहे. 'लहानपणापासून मला नेतृत्वाची आवड' अशा छापाची पत्रे निवड करणाऱ्यांनी शेकड्यांनी वाचलेली असतात. आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या पत्रात आईच्या बचतगटाचा हिशेब कसा ठेवला, वसुली का थकली आणि ती कशी सुरळीत केली, एवढेच लिहिले. वर्गात निबंधाला तिला कधी फार गुण मिळाले नव्हते. त्या पत्रावर तिला दोन विद्यापीठांनी प्रवेश दिला.

पैशाचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. लंडनबाहेरील एखाद्या मध्यम विद्यापीठाचे शुल्क आपण उदाहरणादाखल २८,००० पौंड धरू. व्हिसाचे शुल्क आणि आरोग्यसेवेचा अधिभार मिळून सुमारे १,७०० पौंड. निर्वाहासाठी ब्रिटिश सरकार व्हिसा देताना लंडनबाहेर दरमहा १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड धरते. लंडनबाहेरचा बारा महिन्यांचा हिशेब १४,००० पौंडांवर जातो. ही बेरीज ४३,७०० पौंड होते. पौंड ११५ रुपयांचा धरल्यास विमानाचे तिकीट न मोजताही ही रक्कम पन्नास लाखांवर जाते.

ही रक्कम कर्जाने उभी करावयाची म्हटल्यास काय होते? भारतीय बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि त्यापुढे तारण द्यावे लागते. ज्याच्याकडे शहरात घर आहे त्याचा प्रश्न येथे संपतो. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे त्याचा प्रश्न येथे सुरू होतो. तारण न मागणाऱ्या खाजगी वित्तसंस्था आहेत. त्यांचा व्याजदर चढा असतो. पन्नास लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडावयाचे ठरवल्यास मासिक हप्ता सुमारे ५५ हजार रुपये पडतो. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या वर्षभरात हप्ता नसतो, परंतु व्याज चढतच असते. भारतात परत येऊन नव्या पदवीधराला जो पगार मिळेल तो या हप्त्याशी ताडून पाहावा.

'तिथे काम करून भागवील,' हे सल्लागाराचे आवडते वाक्य. विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही आणि स्वतःचा धंदा करता येत नाही. २०२५च्या एप्रिलपासून तेथील किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले. वीस तास भरले तर आठवड्याला २४४ पौंड होतात. त्यात खोलीचे भाडे आणि जेवण कसेबसे निघेल. शुल्काचा एक पौंडही निघणार नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांना तेथे गेल्यावर कळते : पदव्युत्तर विद्यार्थ्याचा उन्हाळा हा प्रबंधलेखनाचा काळ असल्याने तो सत्रातच मोजला जातो. वीस तासांची मर्यादा तेव्हाही लागू असते. ती मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि वर्षभराचे सारे पाण्यात जाते.

बाबासाहेबांनी पैसा कसा उभारला?

येथे इतिहासाचा शिक्षक म्हणून थोडे थांबतो. बाबासाहेब परदेशी शिकले, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. ते कोणत्या पैशावर शिकले, हे क्वचित सांगतो. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिच्यामागे परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्यातूनही ते घरी पैसे पाठवीत. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुरा करण्यासाठी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांची सवलत मिळवली. मग सिडनहॅममधील पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एमएस्सी आणि १९२३ साली डीएस्सी या पदव्या त्यांनी मिळवल्या.

या हकिगतीत शिष्यवृत्ती आहे, नोकरीतील बचत आहे, साहाय्य आहे आणि कर्जही आहे. परंतु कर्ज सर्वांत शेवटी. शिवाय मध्ये तीन वर्षांचा खंड आहे. तो खंड कोणी अपयश मानला नाही. आमच्या मुलांना मात्र आज एक वर्ष थांबणे म्हणजे मागे पडणे वाटते.

शिष्यवृत्त्या

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आज दोन मोठे मार्ग आहेत. पहिला महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाचा : राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात. जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेंत असलेल्या विद्यापीठाचा प्रवेश लागतो. शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानप्रवास असा तिचा आवाका आहे. दुसरा मार्ग केंद्र शासनाची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत; कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, पात्रता परीक्षेत किमान साठ टक्के आणि वय ३५च्या आत, अशा तिच्या मुख्य अटी. तीस टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. इंग्लंडसाठी तिचा निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड आहे. वरचा हिशेब पाहता लंडनमध्ये तो अपुरा आणि उत्तरेकडील शहरांत काटकसरीने पुरण्याजोगा आहे, हे ध्यानात येईल. याखेरीज ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती आहे. तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत सवलतीच्या व्याजाचे शैक्षणिक कर्जही मिळते. नियम दरवर्षी बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतः शब्दन् शब्द वाचावी, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

माहितीपत्रकातील विद्यापीठ आम्ही क्रमवारीत शोधले. ते पहिल्या दोनशेंत नव्हते, पाचशेंतही नव्हते. म्हणजे त्या प्रवेशपत्रावर शासकीय शिष्यवृत्तीचे दार आपोआप बंद झाले होते आणि सल्लागाराने हे सांगितले नव्हते.

कागदपत्रांविषयी एक सूचना. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीनंतर लागू झाल्या. त्यामुळे राज्याच्या नमुन्यातील जातीचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला हे वेगळे असतात. दोन्ही काढून ठेवावेत, जातवैधता प्रमाणपत्रही हाती ठेवावे. आमच्या एका हुशार विद्यार्थ्याचा अर्ज केवळ नमुना चुकल्यामुळे परत आला. नवा दाखला मिळेतो अंतिम तारीख उलटली होती.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे सारे निभावले, असेही नाही. आमची एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली. दुसऱ्या हप्त्याची फाइल येथील एका कार्यालयात तीन महिने पडून राहिली. तिकडे विद्यापीठाने शुल्क थकल्यामुळे ग्रंथालयाचे संकेतखाते बंद केले. ती रात्री मैत्रिणीच्या खात्यावरून वाचन करीत असे. इकडे तिचे वडील आणि आम्ही दर सोमवारी त्या कार्यालयाच्या बाकावर बसत असू. पैसे अखेर आले आणि तिने पदवी मिळवली. परंतु त्या तीन महिन्यांत ती आमच्याशी दूरध्वनीवर बोलताना पैशाचा विषय कधीच काढीत नसे, हे आम्हांला अजून बोचते. जाणाऱ्याने दोनतीन महिन्यांच्या निर्वाहाची गंगाजळी वेगळी ठेवावी आणि इकडे पाठपुरावा करणारा एक माणूस नेमून जावे.

तेथील वर्ग

प्रवेश मिळाला, व्हिसाची मुलाखत पार पडली, क्षयरोगाची तपासणी झाली, विमानातून मूल उतरले. पुढे काय? इंग्लंडमधील एक वर्षाचा अभ्यासक्रम १८० श्रेयांकांचा असतो. त्यांपैकी बहुधा १२० वर्गातील विषयांचे आणि ६० प्रबंधाचे. सप्टेंबरअखेर सुरू झालेला वर्ग पुढच्या सप्टेंबरात संपतो. श्वास घेण्यास उसंत नसते. डिसेंबरात पहिले निबंध सादर करावे लागतात, म्हणजे भाषेशी आणि थंडीशी जुळवून घेईतो पहिली परीक्षा दारात उभी असते.

सर्वांत मोठा धक्का गुणांचा. तेथे पन्नास गुण म्हणजे उत्तीर्ण, साठ म्हणजे चांगले आणि सत्तर म्हणजे विशेष प्रावीण्य. आपल्याकडे नव्वद टक्क्यांची सवय झालेला मुलगा पहिल्या निबंधाला ५८ गुण पाहून खचतो. त्याला कोणीतरी आधीच सांगावयास हवे की ५८ हे वाईट नाहीत.

दुसरा धक्का वाचनाचा. व्याख्यानापूर्वी दोनतीन लेख वाचून जावे लागते. चर्चावर्गात एखाद्या कंपनीची खरी हकिगत मांडलेली असते. विक्री का घसरली, कामगार का बिथरले, व्यवस्थापकाने काय करावयास हवे होते, यावर प्रत्येकाने मत द्यावयाचे असते. हार्वर्डने रूढ केलेली ही पद्धत. पाठ केलेले उत्तर येथे चालत नाही. प्राध्यापकाचे मत खोडले तरी तो रागावत नाही. उलट कारणे चांगली असतील तर गुण वाढतात. आमच्या मुलांना हे जड जाते. त्यांची बुद्धी कमी पडत नाही. मोठ्यांसमोर बोलू नये हा संस्कार आड येतो, आणि तो आम्हीच केलेला असतो. त्याबद्दल आम्ही शिक्षकांनी स्वतःला विचारले पाहिजे.

तिसरी गोष्ट वाङ्मयचौर्याची. दुसऱ्याचे वाक्य अवतरणचिन्ह व उल्लेख न देता वापरणे हा तेथे गंभीर अपराध आहे. निबंध संगणकीय तपासणीतून जातो. मार्गदर्शिकेतून उतारे उतरवून काढण्याची आपली सवय येथेच, शाळेत मोडली पाहिजे. त्यासाठी परदेशाची वाट पाहावयास नको.

चौथी गोष्ट गटकार्य. चिनी, नायजेरियन, ग्रीक, ब्रिटिश आणि भारतीय मुले एका गटात घालून एकच अहवाल लिहावयास देतात. यात भांडणे होतात, कोणी काम टाळतो, कोणी सारे आपल्याच हाती घेतो. हाच खरा व्यवस्थापनाचा पाठ, असे आमचे विद्यार्थी सांगतात. वसतिगृहात चाळीस मुलांच्या खोलीत पाण्याच्या पाळ्या लावलेल्या मुलाला हे इतरांपेक्षा सोपे जाते, असेही त्यांनी सांगितले. ऐकून आनंद झाला.

आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. परदेशी गेल्यावर जात मागे राहते, असे मुलांना वाटते. गोऱ्या सहाध्यायांना तुमचे आडनाव कळत नाही, हे खरे. ती मोकळीक फार मोठी असते. परंतु भारतीयांच्या गोतावळ्यात आडनावाची चौकशी तेथेही होते. ब्रिटनमध्ये जातिभेदाविरुद्ध कायद्यात स्पष्ट तरतूद करण्याचा विषय बरीच वर्षे चर्चेत होता. २०१८ साली तेथील सरकारने स्वतंत्र तरतूद न करण्याचे ठरवले. म्हणून मुलाने सावध असावे, परंतु बिचकून कोपऱ्यात बसू नये. विद्यापीठात तक्रार ऐकणारे कार्यालय असते. त्याचा पत्ता पहिल्या आठवड्यातच माहीत करून घ्यावा.

पदवीनंतर

पदवीनंतर इंग्लंडमध्ये नोकरी शोधण्यासाठी 'ग्रॅज्युएट रूट' नावाचा व्हिसा मिळतो. त्याची मुदत दोन वर्षे होती. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती अठरा महिने राहील. त्यानंतर राहावयाचे तर मालकाने प्रायोजित केलेली नोकरी लागते. २०२५च्या जुलैपासून अशा नोकरीसाठी पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आणि नव्या पदवीधरांसाठी ३३,४०० पौंड करण्यात आली. व्यवस्थापन शिकलेल्या, अनुभव नसलेल्या परदेशी मुलाला एवढ्या पगाराची नोकरी मिळणे अशक्य नाही, परंतु ती मिळेलच असे धरून जमीन विकणे हा जुगार आहे. विवाहितांसाठी आणखी एक गोष्ट : जानेवारी २०२४ पासून असे वर्गशिक्षणाचे अभ्यासक्रम करणाऱ्यांना कुटुंब सोबत नेता येत नाही.

मग जाऊच नये काय? आमचे मत तसे नाही. आमच्या समाजात डॉक्टर झाले, अभियंते झाले, अधिकारी झाले. पतसंस्था, रुग्णालय, बाजारपेठ, कारखाना चालवणारी माणसे मात्र अजून थोडी आहेत. आमच्या भागातील एक पतसंस्था उत्तम हेतूने निघाली आणि हिशेबाच्या ढिसाळपणाने बुडाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. हेतू निर्मळ असून भागत नाही, कारभार यावा लागतो. तो कारभार शिकण्यासाठी मुले जगाच्या पाठीवर कोठेही जावोत. त्यांनी कोणाच्या पैशावर, कोणत्या विद्यापीठात आणि कोणत्या वयात जावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर

आठ दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा आले. सोबत मुलगाही होता. आम्ही वरचा सारा हिशेब फळ्यावर मांडला. ५५ हजारांचा हप्ता लिहिला तेव्हा वडील काही बोलले नाहीत. मुलाने मान खाली घातली. मग आम्ही सांगितले : "जमीन विकू नका. हा प्रवेश सोडा. दोन वर्षे इथे नोकरी कर, इंग्रजी पक्के कर, दाखले काढून ठेव आणि पहिल्या दोनशेंतील विद्यापीठांना स्वतः अर्ज कर. शिष्यवृत्ती मिळाली तर जा. न मिळाली तर आपल्याकडच्या व्यवस्थापन संस्थांची कॅट परीक्षा आहेच."

मुलगा नाराज झाला. महिनाभर त्याने आमचा फोन घेतला नाही. त्याच्या सोबतचा एक मित्र त्याच सल्लागारामार्फत गेला होता आणि त्याची बर्फातील छायाचित्रे रोज येत होती. नाराजी समजण्याजोगी होती. आज तो जिल्ह्याच्या ठिकाणी एका शेतमाल साठवणुकीच्या गोदामात हिशेबनीस आहे. सोयाबीनची आवक, ओलावा, भाडे आणि तारणकर्ज यांचा हिशेब ठेवतो. मागच्या महिन्यात तो आपल्या उद्देशपत्राचा कच्चा मसुदा घेऊन आला. पहिल्या ओळीत नेतृत्वाची आवड नव्हती. शेतकऱ्याला गोदामाची पावती का उमगत नाही आणि त्यामुळे तो माल पडत्या भावात का विकतो, येथून त्याने सुरुवात केली होती.

त्याला शिष्यवृत्ती मिळेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. जमीन मात्र अजून त्याच्या वडिलांच्या नावावर आहे आणि यंदा तिच्यात तूर उभी आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांत पालक आहेत, माजी विद्यार्थी आहेत, काही परदेशी जाऊन आलेलेही आहेत. जाऊन आलेल्यांना आमची एवढीच विनंती की, वर्षातून एक रविवार शाळेत या. मुलांना तिकडची छायाचित्रे दाखवा, परंतु त्यासोबत आपला खर्चाचा हिशेबही दाखवा. आमच्या फळ्यावरील आकड्यांपेक्षा तुमच्या वहीतील आकड्यांवर त्यांचा अधिक विश्वास बसेल.